साधारण, असाधारण आणि तारतम्य

मी अमेरिकेतल्या एका कॅथलिक विद्यापीठात पोस्टडॉक करते असं सांगितलं की मिरजेच्या नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात. रोज चर्चला जावं लागतं का? तुला त्यांच्यात ओढत नाहीत ना? खरं म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत धर्माचा विषय क्वचितच निघतो. माझं काम ओपिऑइड रिसेप्टरवर आहे. मॉर्फिनसारखं औषध पेशीवर नेमकं कुठे जाऊन बसतं आणि पुढे काय घडवतं, ते आम्ही पाहतो.

कॅथलिक नीतिशास्त्राशी माझी ओळख झाली ती दुपारच्या जेवणामुळे. आमच्या इमारतीत दर गुरुवारी वैद्यकीय नीतीवर एक वाचनगट भरतो. शेजारच्या रुग्णालयात बरीच वर्षं रुग्णांच्या उशाशी बसलेले एक वयस्क फादर तो चालवतात. जेवण फुकट असतं, आणि पोस्टडॉकचा पगार किती असतो हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पहिले दोन-तीन गुरुवार माझं लक्ष सँडविचकडेच जास्त होतं. मग जाणवलं की इथलं इंग्रजी ओळखीचं वाटूनही मला कळत नाहीये. शब्द सगळे रोजचे होते, पण अर्थ भलतेच.

'स्कँडल' घ्या. आपल्या वर्तमानपत्रांत स्कँडल म्हणजे भानगड किंवा घोटाळा. या शास्त्रात स्कँडल म्हणजे आपल्या वागण्याने दुसऱ्याला वाईट वाटेला लावणं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सापळा, किंवा वाटेतला ठेच लागणारा दगड. बाप मुलादेखत लाच देतो आणि मुलगा त्यातून 'असंच चालतं' हे शिकतो, तेव्हा शेजाऱ्यांना पत्ता लागला नाही तरी स्कँडल झालेलं असतं.

'प्रूडन्स'चंही तसंच. आपण त्याचा अर्थ जपून, हात राखून वागणं असा करतो. इथे तो चार मुख्य सद्गुणांतला पहिला आहे आणि त्याचा अर्थ विवेक. कधी थांबायचं ते तो सांगतो, तसंच कधी उडी घ्यायची तेही सांगतो.

सगळ्यात जास्त गैरसमज 'इन्ट्रिन्सिकली ईव्हल' या शब्दांचा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, महाभयंकर पाप. दुसरे जॉन पॉल यांच्या १९९३ च्या 'वेरितातिस स्प्लेन्डोर' या परिपत्रकात या कल्पनेची सविस्तर चर्चा आहे. तिचा अर्थ एवढाच की काही कृती मुळातच अशा असतात, की हेतू कितीही चांगला असला आणि परिस्थिती कशीही असली तरी त्या योग्य ठरत नाहीत. त्या किती गंभीर, हा निराळा प्रश्न. परंपरेप्रमाणे खोटं बोलणं या यादीत येतं. पण नकोशा पाहुण्याला टाळायला मारलेली थाप आणि खून एका पारड्यात कुणीच घालत नाही.

आणि कृती गंभीर असली तरी करणारा माणूस महापापी ठरतोच असं नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात त्यासाठी तीन अटी आहेत: बाब गंभीर हवी, ती तशी आहे याची पूर्ण जाण हवी आणि मनापासून संमती हवी. भीती, जबरदस्ती किंवा जडलेली सवय यांनी माणसाची जबाबदारी कमी होते. कृतीबद्दल बोलता येतं, माणसाच्या आत काय चाललंय ते दुसऱ्याला दिसत नाही, हे फादर दर गुरुवारी कुठल्या ना कुठल्या निमित्ताने सांगत.

सगळेच शब्द असे अर्थ उलगडल्याने निवळत नाहीत. समलिंगी संबंधांसाठी चर्चच्या दस्तावेजांत 'डिसऑर्डर्ड' हा शब्द येतो. फादरनी समजावलं की इथे 'ऑर्डर' म्हणजे कृतीचा तिच्या नैसर्गिक उद्दिष्टाकडे असलेला रोख. मानसिक आजाराशी त्याचा संबंध नाही, मुळं थेट ॲरिस्टॉटलपर्यंत जातात. गटातला एक विद्यार्थी शांतपणे म्हणाला, "अर्थ समजला. पण लहानपणी तो शब्द मला ॲरिस्टॉटलने सांगितला नव्हता, आजीने सांगितला होता." त्यावर फादर काही बोलले नाहीत. मला त्यांचं न बोलणं बरं वाटलं.

मी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे मराठी. मराठीला हा उद्योग नवा नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. परका धर्म मराठी शब्दांत बसवताना त्यांची काय कसरत झाली असेल, ते उजवा रकाना भरताना थोडंसं कळलं. इथली माझी वसईची मैत्रीण लहानपणापासून मराठीत मिस्सा ऐकत आलेली. वही चाळून ती म्हणाली, "धर्मशिक्षणाच्या वर्गात यातलं बरंच आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं गं. पण ते कशासाठी, हे कुणी सांगितलं नाही."

कशासाठी ते मला पहिल्यांदा दिसलं आमच्याच प्रयोगशाळेत. आम्ही 'एचईके २९३' नावाच्या पेशी वापरतो. जगभर हजारो प्रयोगशाळा वापरतात. १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे मानवी गर्भाच्या मूत्रपिंडातल्या पेशींपासून त्या तयार झाल्या. २९३ हा त्या प्रयोगाचा क्रमांक. आमची तंत्रज्ञ श्रद्धाळू कॅथलिक आहे. हा इतिहास तिला उशिरा कळला आणि ती बेचैन झाली. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका गर्भपातात आपण रोज सकाळी सहभागी होतोय का, असा तिचा प्रश्न होता.

या शास्त्रात अशा प्रश्नासाठी 'सहकार्य' नावाचं एक आख्खं प्रकरण आहे. दुसऱ्याच्या वाईट कामात आपलाही हेतू मिसळला तर ते 'फॉर्मल' सहकार्य, आणि ते कधीच क्षम्य नाही. हेतू नाही, पण हातभार लागतो, तर 'मटेरिअल'. मग तो हातभार जवळचा की लांबचा, टाळता येण्यासारखा आहे का, आणि तो लागू देण्याला तितकंच सबळ कारण आहे का, हे पाहायचं. सतराव्या-अठराव्या शतकातलं प्रसिद्ध उदाहरण नोकराचं आहे. मालक रात्री व्यभिचारासाठी परक्या घराच्या खिडकीतून शिरतो आणि नोकर शिडी धरतो. नोकरी जाईल या भीतीने धरली तर दोष किती? अकराव्या इनोसंट पोपनी १६७९ मध्ये या बाबतीतलं फार सैल मत नाकारलं. पुढे आल्फोन्सस लिगोरींनी याच उदाहरणावर बारकाईने विचार केला. हीच मांडणी वापरून व्हॅटिकनने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं, की दुसरा पर्याय उपलब्ध नसेल तर अशा पेशींच्या मदतीने बनलेली कोविडची लस घेणं नैतिकदृष्ट्या चालेल. तो संबंध फार दूरचा आहे.

आमच्या तंत्रज्ञाने नोकरी सोडली नाही. तिने एवढंच मागितलं, की ज्या प्रयोगांना चिनी हॅमस्टरच्या पेशी चालतात तिथे त्याच वापराव्यात. बॉस तयार झाले. तिचं ओझं पूर्ण उतरलं नाही, पण ते नेमकं केवढं आहे ते तिला कळलं. आपले कर, आपली गुंतवणूक, आपण विकत घेतो ते स्वस्त कपडे यांची शिडी कुणी ना कुणी धरलेली असतेच. 'माझा काय संबंध' आणि 'सगळं माझ्यामुळेच' या दोन टोकांच्या मधे पायऱ्या आहेत हे मला तेव्हा उमगलं. त्यांचा उपयोग पुढे मला घरीच होणार होता.

बाबांना फुप्फुसाचा कर्करोग निघाला तेव्हाच तो यकृतात पोहोचला होता. एसटीच्या डेपोत हिशेबनीस म्हणून आयुष्य काढलेला माणूस. डॉक्टरांनी सांगितलेला प्रत्येक आकडा ते वहीत लिहून ठेवत. केमोच्या दोन फेऱ्यांनंतर त्यांनी वही मिटली. ताईला म्हणाले, "आता मला घरच्या खाटेवर पडू दे. नळ्या नकोत." धाप वाढली तसे नातेवाइकांचे फोन वाढले. मुंबईला हलवा, पैशांची काळजी करू नका, व्हेंटिलेटर काय हल्ली सगळीकडे असतो, साधी गोष्ट आहे. सांगली-मिरजेकडे दवाखान्यांची वाण नाही. त्यामुळे 'केलं नाही' म्हणणाऱ्यांचीही वाण नसते.

'साधी गोष्ट' हे शब्द फोनवर ऐकताना मला वहीतलं एक पान आठवलं. कॅथलिक नीतिशास्त्रात जीव वाचवण्याच्या उपायांचे दोन प्रकार आहेत: साधारण आणि असाधारण. साधारण उपाय करणं कर्तव्य, असाधारण उपाय नाकारण्याची मोकळीक. वाटतं की साधारण म्हणजे सर्रास मिळणारा आणि असाधारण म्हणजे दुर्मिळ, नव्या यंत्राचा. तसं नाही. ही विभागणी यंत्रांच्या कितीतरी आधीची आहे. सोळाव्या शतकात सालामांकाला शिकवणाऱ्या फ्रान्सिस्को दे व्हितोरियाने म्हटलं होतं, की महागडी कोंबडी खाऊन आयुष्य वाढणार असलं तरी रुग्ण ती खायला बांधील नाही. गरिबाला परवडेल ते त्याने खावं. भूल नव्हती त्या काळात पाय कापून घेण्याचं बंधनही या पंडितांनी कुणावर घातलं नाही, कारण त्या वेदना माणसाच्या कुवतीबाहेरच्या होत्या. म्हणजे 'साधारण' हे विशेषण उपायाला एकट्याला लागत नाही. या माणसाला, या अवस्थेत, त्याचा लाभ किती आणि भार किती, यावर ते ठरतं. तोच व्हेंटिलेटर न्यूमोनिया झालेल्या तरुणाला साधारण आणि बाबांना असाधारण असू शकतो.

१९५७ च्या नोव्हेंबरमध्ये भूलतज्ज्ञांनी कृत्रिम श्वासोच्छ्वासाबद्दल विचारलं तेव्हा बाराव्या पायसनी हेच सांगितलं: व्यक्ती, स्थळ, काळ आणि संस्कृती पाहून ठरवा. व्हॅटिकनच्या १९८० च्या जाहीरनाम्यात या जोडीला 'प्रपोर्शनेट' आणि 'डिसप्रपोर्शनेट' असे शब्द आले. अमेरिकन बिशपांच्या रुग्णालयांसाठीच्या नियमावलीत तर स्पष्ट म्हटलंय, की लाभ आणि भार रुग्णाच्या दृष्टीने पाहायचे. कुटुंबावर पडणारा अतोनात खर्च हासुद्धा भारच धरला आहे.

'प्रपोर्शनेट'समोर मी आधी 'प्रमाणशीर' लिहिलं होतं. ते खोडून तेव्हा 'तारतम्याने' लिहिलं. तर आणि तम, अधिक आणि सर्वांत अधिक, यांची तुलना करून ठरवणं. आपल्या आज्या हा शब्द भाजीत मीठ घालतानाही वापरायच्या.

मी ताईला धर्मशास्त्र सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "बाबांनी त्यांना काय जड जातंय ते सांगितलंय. ते ऐकणं म्हणजे त्यांना सोडून देणं नव्हे." काकांनाही तेच सांगितलं. काका रागावले, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच ऑक्सिजनचं यंत्र घेऊन घरी आले.

मॉर्फिन हा पुढचा प्रश्न. २०१४ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून भारतात वेदनाशमनासाठी ते मिळणं कागदोपत्री तरी सोपं झालंय. बाबांच्या डॉक्टरांनी ते लिहून दिलं. पण मात्रा ताईला द्यायची होती, आणि ती फोनवर रडकुंडीला आली. "अगं, माझ्या हातून जातील का ते?"

या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर माझ्या कामातलं होतं. हळूहळू वाढवत नेलेलं, योग्य मात्रेतलं मॉर्फिन सहसा मृत्यू अलीकडे ओढत नाही, ते धाप आणि वेदना कमी करतं. पण ताई फक्त शास्त्र विचारत नव्हती. तिला विचारायचं होतं, की समजा तसं झालंच, तर मी कोण ठरेन?

कॅथलिक परंपरेत यालाच 'दुहेरी परिणामाचं तत्त्व' म्हणतात. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने आत्मसंरक्षणाबद्दल लिहिताना म्हटलं, की एका कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक मनात धरलेला आणि दुसरा हेतूच्या बाहेरचा. पुढे याच्या चार अटी बांधल्या गेल्या. कृती स्वतः वाईट नको. हेतू चांगल्या परिणामाचाच हवा. वाईट परिणाम हे चांगल्याचं साधन असता कामा नये. आणि वाईट पत्करायला तितकंच सबळ कारण हवं. बाराव्या पायसनी फेब्रुवारी १९५७ मध्ये वेदनाशामकांबद्दल हाच विचार लावला होता. दुसरा उपाय नसेल तर आयुष्य थोडं घटण्याची शक्यता असली तरी ती औषधं देता येतात.

तिसरी अट मला ताईसाठी महत्त्वाची वाटली. बाबांची धाप कमी होणार होती ती औषधाने, त्यांच्या मरणाने नव्हे. औषध दिल्यावर ते जगले, बसले, चहा मागितला, तर ताईला आनंदच झाला असता. मारण्यासाठी औषध देणाऱ्याला तो बेत फसल्यासारखा वाटला असता. मी तिला हे जवळपास याच शब्दांत सांगितलं.

बाबा अकरा दिवसांनी पहाटे गेले. मी त्याच दिवशी निघणार होते. ताईने रात्री दहाला मात्रा दिली होती आणि पुढे कित्येक महिने ती दहा ते पहाट हे तास मोजत राहिली. शब्दांनी दुःख गेलं नाही. पण दुःख आणि अपराध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तिला धरून ठेवता आलं.

या शास्त्राचे सगळे निष्कर्ष मला पटतात असं नाही. दुसरे जॉन पॉल यांनी २००४ मध्ये सांगितलं, की कायम अचेत अवस्थेतल्या रुग्णाला नळीतून दिलेलं अन्नपाणीसुद्धा तत्त्वतः साधारण उपायच आहे, उपचार नव्हे. वाचताना मला अरुणा शानबाग आणि मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका आठवल्या. १९७३ च्या हल्ल्यानंतर त्यांनी आपल्या सहकारिणीला चार दशकं भरवलं आणि जपलं. तिचं अन्न थांबवण्याची मागणी न्यायालयात गेली तेव्हा त्या विरोधात उभ्या राहिल्या. मरण्याचा हक्क मानणारी मीसुद्धा त्यांच्यापुढे वाद घालायला धजले नसते. तरी बाबांच्या बाबतीत नळी मला नकोच होती, आणि त्यांनाही.

फिनिक्सचं प्रकरण याहून अवघड. २००९ मध्ये तिथल्या सेंट जोसेफ या कॅथलिक रुग्णालयात अकरा आठवड्यांची गरोदर स्त्री फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या उच्च दाबाने मरणाच्या दारात होती. सिस्टर मार्गारेट मॅकब्राइड ज्या नीतिसमितीत होत्या, तिने गर्भपाताला मान्यता दिली आणि ती स्त्री वाचली. बिशप थॉमस ओल्मस्टेड यांनी सिस्टर बहिष्कृत झाल्याचं सांगितलं, आणि डिसेंबर २०१० मध्ये रुग्णालयाचा कॅथलिक दर्जाच काढून घेतला. गर्भाशयाला कर्करोग असता तर गर्भाशय काढणं चाललं असतं, कारण तिथे गर्भाचा मृत्यू हा आनुषंगिक परिणाम. इथे तो साधन झाला, तिसरी अट मोडली, असं बिशपांचं म्हणणं. समितीचं समर्थन करणारे धर्मपंडितही होते. मला तो निर्णय मान्य नाही. आईबरोबर गर्भही जाणारच होता, मग वाचवायचं काय राहिलं होतं? गंमत अशी की माझं मतभेदाचं ठिकाण मला नेमकं दाखवता येतं, ते याच चार अटींमुळे. गुरुवारी मी ते बोलून दाखवलं. फादरना पटलं नाही. पुढच्या गुरुवारी त्यांनी माझ्यासाठी दुसऱ्या बाजूचा एक लेख छापून आणला होता.

अमेरिकेत साधारण दर सात रुग्णांतल्या एकावर कॅथलिक रुग्णालयात उपचार होतात. उद्या तुमचे आईवडील सहा महिन्यांसाठी इथे आले, विमा तोकडा पडला आणि रात्री तीनला आयसीयूबाहेर कुणी 'ऑर्डिनरी' आणि 'एक्स्ट्राऑर्डिनरी' हे शब्द उच्चारले, तर त्यांचा रोजचा अर्थ धरू नका. ते शब्द तुम्हाला विचारत असतात, की या माणसाला काय जड जातंय. त्याचं उत्तर फक्त त्या माणसाकडे असतं, म्हणून ते हिंडतेफिरते असतानाच विचारून ठेवावं. विषय काढायला जीभ रेटत नाही, हे मला माहीत आहे.

ताईने मागच्या वर्षी स्वतःचं वैद्यकीय इच्छापत्र केलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिल्यापासून आणि २०२३ मध्ये अटी सैल केल्यापासून ते आपल्याकडे करता येतं. मसुदा तिने मला पाठवला. व्हेंटिलेटर, अन्ननळी, डायलिसिस, सगळ्यांवर 'तारतम्याने' हा शब्द होता. वकिलाने म्हणे तो खोडायला सांगितला, पण तिने राहू दिला. आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली होती: मॉर्फिन द्यायची वेळ आली तर देणाऱ्याने घाबरू नये.